माळव्यातले परसदार

इंदूर पाहावयास येणारा पाहुणा राजवाडा पाहतो, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या पाहतो, वेळ असला तर लालबागेत फेरफटका मारतो, आणि रात्री सराफ्यात भुट्ट्याचा कीस व गराडू खाऊन तृप्त मनाने गाडीत बसतो. या शहरातील मराठी घरांची परसदारे पाहून जा, असे त्याला कोणी सुचवीत नाही. ती पाहण्यासारखी आहेत हे आपल्यालाही फारसे जाणवत नाही, कारण आपण त्यांच्यातच वाढलो. शिवाय परसदार हे पाहुण्याला दाखवावयाचे स्थळच नव्हे. तिथे भांडी घासली जातात, धुणे वाळते, आणि मोरीचे पाणी वाहते. असे असले तरी या गावी मराठी माणूस कसा रुजला हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने पुढील दारापेक्षा मागील दाराने आत यावे असे माझे मत आहे.

इतिहासात फार खोल शिरण्याचे कारण नाही. होळकरांचा अंमल माळव्यात अठराव्या शतकातच बसला होता, परंतु अहिल्याबाईंच्या काळी राजधानी महेश्वरी होती. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर ती इंदुरास आली आणि दरबाराच्या आश्रयाने कारकून, फडणीस, वैद्य, शास्त्री, शिलेदार अशी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. पुढे राजवाड्याच्या आसपास, रामबागेत, नारायणबागेत मराठी वस्त्या वाढल्या. वाड्याची ठेवण देशावरची: पुढे ओटी, मध्ये चौक, मग माजघर, स्वयंपाकघर आणि सर्वांत मागे परसू. माणसांनी आपली भाषा, देव आणि पंचांग बरोबर आणले हे सर्वांनाच ठाऊक आहे. चार मुळ्या आणि चार बियाही त्यांनी पदराच्या गाठीला बांधून आणल्या असाव्यात, असे परसू पाहिले की वाटते.

या परसवाची एक शिस्त असे, आणि ती पाण्यावर ठरे. मोरीचे पाणी जिथे मुरत असे तिथे अळू. काळ्या देठाचा वडीसाठी, हिरव्या देठाचा फतफत्यासाठी. अळवाला ओल हवी आणि ती फुकट मिळे. त्या बदल्यात ते मोरीपाशी चिखल साचू देत नसे. अळवाच्या पानांत सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांनी घसा खवखवतो. म्हणूनच आपल्याकडे चिंचेवाचून अळू शिजत नाही. विहिरीच्या कट्ट्याशी, जिथे दोराचे पाणी सदैव ठिबके, तिथे पुदिना पसरलेला असे. भिंतीच्या कडेला गवती चहाचे ठोंब. त्याला ना कौतुक लागे, ना खत. फुटक्या रांजणाच्या बुडात पानओवा लावलेला असे, कारण त्याची मुळे उथळ आणि पाणी साचले तर तो कुजतो. मधोमध तुळशीवृंदावन. आणि स्वयंपाकघराच्या दारापासून आठ-दहा पावलांवर कढीलिंबाचे झाड. फोडणीचे तेल तापत असताना हातात डहाळी घेऊन परत येता यावे, इतकेच त्याचे अंतर. मोहरी तडतडण्यापूर्वी पाने तोडून आणणारी गृहिणी आमच्या पिढीने पाहिली आहे. त्या फोडणीचा वास आणि शीतपेटीत चार दिवस राहिलेल्या पानांचा वास यांत काय अंतर आहे, हे ज्याने दोन्ही घेतले त्यालाच समजेल.

कढीलिंब म्हणताना मी थोडा अडखळतो. एकाच वाड्यात पुण्याकडचे बिऱ्हाड त्याला कढीलिंब म्हणे, नागपूरकडचे गोडलिंब आणि दूधवाला मीठा नीम. कोथिंबिरीला नागपूरकर ‘सांबार’ म्हणत, आणि त्यामुळे नव्या सुनांची प्रथम चांगलीच त्रेधा उडे. सासूबाईंनी सांबार आणावयास सांगितले म्हणून डाळ शिजत घालणारी सून हा आमच्या लहानपणी वाड्यातला ठरलेला विनोद होता. शेपूला येथे सुवा किंवा सोया म्हणतात, अळवाला अरबीचा पत्ता, गवती चहाला हरी चाय. यात वाईट काही नाही. ज्या गावचे पाणी प्यावे त्या गावचे शब्द तोंडी येणारच, आणि माळवी बोलीचा गोडवा आपल्या मराठीत उतरला तर मराठी काही उणी होत नाही.

परंतु एक गोष्ट भाषेच्या शिक्षकाला सलते. मराठीत पाल्याला कोथिंबीर आणि बियांना धणे असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. हिंदीत दोहोंनाही धनिया. आमच्या घरांतील मुले आता मराठी बोलतानाही ‘धनिया’च म्हणतात. एक शब्द गेला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. शब्द मात्र एकटा जात नाही. कोथिंबिरीबरोबर जुडी जाते, जुडीबरोबर ती निवडणे जाते. काडी आणि पाला वेगळा करणे, देठ कोवळे की जून हे नखाने पाहणे, पिवळे पान खुडून टाकणे, ही सर्व क्रियापदे ताटात कोथिंबीर घेऊन ओट्यावर बसलेल्या आजीजवळ मुले शिकत. निवडावयास कोथिंबीरच नसेल तर ‘निवडणे’ हा शब्द निवडणुकीपुरताच उरेल. व्याकरणाच्या तासाला हे शिकवता येत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

आता ज्या मातीत हे सर्व उगवते तिच्याविषयी.

माळव्याची माती काळी. कपाशीला, गव्हाला, हरभऱ्याला ती मातेसमान. परंतु हीच माती कुंडीत भरली की ती सावत्र होते. पाऊस लागला की फुगते, उन्हात भेगाळते आणि आठ दिवस पाणी चुकले तर विटेसारखी घट्ट होऊन काठापासून सुटते. मग वरून घातलेले पाणी कडेने थेट खाली निघून जाते आणि मूळ कोरडेच राहते. शिवाय ही माती बहुधा अल्कधर्मी असते. तीत लोह असूनही झाडाला ते सहजी घेता येत नाही. कढीलिंबाची नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या तर कारण पुष्कळदा हेच असते. जुन्या बायका अशा झाडाला आंबट ताक घालीत. त्यांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण आंबटाने झाड सुधारते हे त्यांनी पाहून ठेवले होते.

या काळ्या मातीला भुसभुशीत करण्याचा उपाय जगाला इंदुरानेच दिला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ पासून बिहारमधील पुसा येथे होते. १९२४ मध्ये ते इंदुरास आले आणि होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. आज तिथे कृषि महाविद्यालय आहे. हॉवर्ड यांनी शेतातील पालापाचोळा, कपाशीच्या पऱ्हाट्या, गुरांचे शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर देऊन, ठरावीक दिवसांनी ते वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. पऱ्हाट्या टणक असल्याने लवकर कुजत नाहीत, म्हणून त्या प्रथम शेतातील गाडीवाटेवर पसरून बैलगाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. ही रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ याच नावाने ओळखली जाते. १९३१ मध्ये तिच्यावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यावर लेखक म्हणून दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हॉवर्ड यांचे नाव सेंद्रिय शेतीच्या प्रत्येक इतिहासात येते. वाड यांचे नाव मात्र आपल्या इंदुरातही क्वचितच कोणी घेतो. १९३५ च्या एप्रिलमध्ये हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी येथे आले असताना त्यांनीही ही संस्था पाहिली होती.

मी विद्यार्थ्यांना घेऊन कृषि महाविद्यालयाच्या बाजूने जातो तेव्हा ही हकीकत त्यांना आवर्जून सांगतो. आज इंदुराचे नाव देशभर निघते ते स्वच्छतेसाठी. २०१७ पासून ओळीने अनेक वर्षे स्वच्छ सर्वेक्षणात शहराने पहिला क्रमांक राखला. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करणे आता घरातील लहान मुलालाही ठाऊक आहे. २०२२ मध्ये देवगुराडियाजवळ ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा मोठा कारखाना सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे. हे सर्व अभिमानास्पदच आहे. पण सकाळी गाणे वाजवीत येणाऱ्या गाडीत आपण जो भाजीचा पाला टाकतो, त्यातील मूठभर घरी ठेवला तर चार कुंड्यांचे पोट भरते, आणि ते कसे भरावे हे शंभर वर्षांपूर्वी याच गावी ठरले आहे.

त्यासाठी बैलगाडी नको की खड्डा नको. बुडाला व बाजूला भोके असलेले मोठे मडके घ्यावे. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळक्या काड्या. त्यावर एक थर भाजीपाल्याच्या सालींचा आणि त्याच्या दुप्पट-तिप्पट थर वाळलेल्या पाल्याचा. मूठभर जुने खत किंवा शेणाची पूड विरजणासारखी घालावी. आठवड्यातून एकदा हलवावे. माती पिळल्यासारखी ओलसर असावी, पाणी सुटू नये. वास येऊ लागला तर ओले अधिक झाले असे समजून आणखी वाळका पाला घालावा. शिजलेले, तेलकट व खरकटे टाकू नये. दोन-तीन महिन्यांत काळेभोर, पहिल्या पावसाच्या वासाचे खत हाती येते. एक भाग काळी माती, एक भाग नदीची वाळू आणि एक भाग हे खत असे मिश्रण केले की आपली हट्टी माती कुंडीतही नीट नांदते. कुंडीच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवण्यास मात्र विसरू नये.

आता गच्चीवर येऊ. वाडे एकामागून एक पडत आहेत, आणि सुदामानगर असो की राजेंद्रनगर, पुष्कळांच्या वाट्याला आता गच्ची किंवा हातभर सज्जाच आला आहे. त्यातही बरेच काही साधते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात पारा चाळिसाच्या वर जातो, पण माळव्यातील रात्रीचा गारवा ‘शब-ए-मालवा’ म्हणून प्रसिद्धच आहे. हिवाळ्यात किमान तापमान दहाच्या खाली उतरते. आश्विनापासून माघापर्यंतचा हा काळ पालेभाज्यांना स्वर्ग होय.

कोथिंबिरीचा मुहूर्त लक्षात ठेवण्यास सोपा आहे. घटस्थापनेला आपण परडीत धान्य पेरतो, त्याच आठवड्यात एका कुंडीत धणे पेरावेत. दुकानातील अख्खे, न भाजलेले आणि नव्या हंगामाचे धणे चालतात. आपल्या मध्य प्रदेशात गुना जिल्ह्यातील कुंभराजचा धणा नावाजलेला आहे. एका धण्यात दोन बिया जोडलेल्या असतात. फडक्यात घालून वरून लाटणे हलक्या हाताने फिरविले की त्या सुटतात. रात्रभर भिजवून अर्धा इंच खोल पेराव्यात. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबिरीला आठ ते बारा दिवस लागतात. पुष्कळ जण याच काळात धीर सोडून कुंडी उकरून पाहतात. कोथिंबिरीचे मूळ सरळ खाली जाते, म्हणून कुंडी आठ-नऊ इंच खोल हवी, आणि रोप एका जागेवरून दुसरीकडे हलवू नये. सर्व धणे एकदम पेरण्याऐवजी दर तीन आठवड्यांनी एक कुंडी पेरली की फाल्गुनापर्यंत खंड पडत नाही. उन्हे तापू लागली की कोथिंबीर फुलावर येते, तिला कितीही पाणी घाला. तेव्हा तिच्याशी भांडू नये. पांढरी फुले येऊ द्यावीत, हिरवे धणे चटणीत वाटावेत, आणि उरलेले वाळवून पुढील नवरात्रासाठी ठेवावेत.

पुदिन्याला बी शोधीत बसू नये. मंडईतून आणलेल्या जुडीतील चार जाडसर काड्या खालची पाने काढून पाण्यात ठेवाव्यात. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळे फुटतात. त्याची कुंडी उथळ व पसरट असावी आणि वेगळी असावी, कारण पुदिना शेजारधर्म पाळीत नाही. एका हंगामात तो सर्व कुंडी व्यापतो. वैशाखात त्याला दुपारची सावली दिली तर तो तगतो, आणि नेमके तेव्हाच पन्ह्याच्या जोडीला जलजिऱ्यात त्याची आठवण होते. गवती चहाचा एक ठोंब पावसाच्या आरंभी फोडून चार घरी वाटता येतो. पानओव्याची वीतभर काडी मातीत खोचली की लागते. भजी करावयाची तर दोन पाने भाजणीत बुडविली की झाले. हा आपला मसाल्याचा ओवा नव्हे. तो ओवा नीमच-मंदसौरकडे शेतात पिकतो आणि त्याचे झुडूप शेपूसारख्या पानांचे असते. दोघांची कुळे अगदी वेगळी, पण पानांतील तेलाचा वास इतका जवळचा की नाव एक पडले. लसणीच्या पाकळ्या कार्तिकात खोचल्या की वीस-पंचवीस दिवसांत हिरवी पात कापावयास मिळते, आणि लसूण तर माळव्याची स्वतःचीच. ज्येष्ठात एका खोल डब्यात हळदीचा कंद पुरला तर भाद्रपदात गणपती येईतो वीत-दीड वीत पाने होतात. त्या पानावर मोदक उकडले की कोकणचे घर न पाहिलेल्या नातवंडांनाही कोकणचा वास कळतो.

कढीलिंबाचे मात्र स्वतंत्र सांगावयाचे आहे, कारण त्यात आमच्या घरचा संबंध आहे.

रामबागेत आमच्या मावशीचा वाडा होता. त्यात पूर्वी सात बिऱ्हाडे राहत, शेवटी मावशी आणि एक वृद्ध भाडेकरू एवढेच उरले. वाडा मोडकळीस आला होता, वारसांत मतभेद नव्हते, आणि तो पाडून तेथे सदनिका उभ्या करण्याचा करार झाला. त्याविषयी कोणास दोष देण्याचे कारण नाही. पावसाळ्यात माजघरात पातेली मांडावी लागणाऱ्या घरात ऐंशी उलटलेल्या बाईने राहावे, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? मावशीने भांडी वाटली, पाट वाटले, देव्हारा मुलीकडे पाठविला. डोळ्यांत पाणी आले नाही. परसवातील कढीलिंबापाशी मात्र ती थबकली. ते झाड तिच्या सासूबाईंनी लावलेले. त्या गल्लीतील वीस घरांच्या फोडण्या त्या झाडावर चालत. मागच्या दिंडीने कोणी ना कोणी रोज येई, दोन डहाळ्या तोडी, आणि तोडता तोडता सर्व गल्लीची वार्ता सांगून जाई.

मी म्हणालो, “मावशी, कृषि महाविद्यालयात ओळख आहे. झाड उचलून दुसरीकडे लावता येईल का, विचारून पाहू?”

ती म्हणाली, “अरे, एवढं जुनं झाड का उचलून लागतं? ते आपल्या जागी राहू दे. त्याला पिलं आहेत, ती न्या. आणि नुसती उपटू नकोस हो, आधी आईपासून तोड, मग तिथंच राहू दे पंधरा-वीस दिवस.”

कढीलिंबाच्या मुळांतून जमिनीवर फुटवे येतात, त्यांना ती पिले म्हणे. तिने सांगितलेली रीत बागकामाच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. फुटवा आणि झाड यांना जोडणारे मूळ खुरप्याने तोडावयाचे, पण फुटवा जागचा हलवावयाचा नाही. तीन आठवडे तो स्वतःच्या मुळ्या वाढवितो, मग मातीच्या गोळ्यासकट काढावयाचा. ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला पाऊस झाल्यावर आम्ही नऊ फुटवे तोडले आणि आषाढात ते उचलले. अर्धी पाने छाटली, म्हणजे मुळांवर भार पडत नाही, आणि पंधरा दिवस सावलीत ठेवले. नऊपैकी सहा जगले. बियांवर विसंबून चालले नसते, कारण कढीलिंबाचे बी ताजे असतानाच रुजते. वाळवून ठेवले तर त्याची उगवण झपाट्याने नाहीशी होते. दिवाळीनंतर वाडा पडला, झाडही गेले. त्या दिवशी मावशीला कोणी रामबागेत नेले नाही आणि तिनेही नेण्यास सांगितले नाही.

सहांपैकी एक रोप आता मुलीच्या घरी तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेच्या खिडकीत आहे. पहिल्या हिवाळ्यात त्याची पाने गळली तेव्हा सर्वांना वाटले की गेले. मावशी म्हणाली, थंडीत ते झोपतं, पाणी कमी घाला. चैत्रात त्याला पालवी फुटली. फुलोरा येऊ लागला की ती तो खुडावयास लावते, म्हणजे पाने वाढतात. दोन वर्षे तिच्या खिडकीत कोणी डहाळी मागावयास आले नाही, याची तिला फार चुटपुट होती. सदनिकेत कोणी कोणाकडे काही मागत नाही, दहा मिनिटांत सर्व दारात येते. मग एके दिवशी शेजारच्या सिंधी बाई ‘मीठा नीम’ आहे का म्हणून विचारावयास आल्या. मावशीने त्यांना डहाळी दिली, आणि ती कशी तोडावी हेही दाखविले: पान ओरबाडावयाचे नाही, टोकाकडून डहाळी खुडावयाची, म्हणजे तिथे दोन फुटतात. त्या बाई आता आठवड्यातून दोनदा येतात. मावशीचे हिंदी जुन्या वळणाचे, त्यांचे मराठी शून्य, आणि बोलणे तासभर चालते.

माझ्या शाळेचेही थोडे सांगतो. शहराबाहेरील शासकीय शाळा, बहुतेक मुले माळवी बोलणारी, काही भिलाळी. २०१९ मध्ये शाळांतून पोषण-वाटिका कराव्यात अशी केंद्र शासनाची सूचना निघाली. आम्ही हातपंपाच्या सांडपाण्यावर अळू, पुदिना आणि कढीलिंब लावले. वाड्यातील परसवाची शिस्त इथे जशीच्या तशी उपयोगी पडली. पहिल्या वर्षी शेळ्यांनी सर्व खाल्ले. दुसऱ्या वर्षी मुलांनी बोरीच्या काट्यांचे कुंपण केले. कढीलिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी एक अळी येते, मोठी झाली की हिरवी होते. घरी ती काढून टाकावी. शाळेत आम्ही एक झुडूप त्या अळ्यांसाठीच सोडले आहे, कारण तिचेच पुढे सुंदर फुलपाखरू होते आणि ते कोषातून निघताना पाहण्यासाठी आजवर एकही मूल गैरहजर राहिलेले नाही. मी मुलांना एका पाटीवर प्रत्येक झाडाची नावे लिहावयास लावली: हिंदी, माळवी, भिलाळी आणि शेवटी मराठी. मराठी रकाना भरणारा मी एकटाच. मुलांनी मात्र ‘कोथिंबीर’ हा शब्द इतक्या हौसेने उचलला की मध्यान्ह भोजनाच्या वेळी डाळीवर ‘कोथिंबीर’ मागितली जाते. आमच्या स्वतःच्या घरांतून हद्दपार होत असलेला शब्द तिथे नांदतो आहे, याचा आनंद मानावा की खंत, हे मी वाचकांवर सोपवितो.

शेवटी एक सूचना. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आपण प्लॅस्टिकचे डबे, चाळण्या, वाट्या लुटतो. त्यांतील निम्म्या पुढील वर्षी दुसऱ्या कोणास तरी लुटल्या जातात. काही घरी आता वाण म्हणून रोपे देण्याची चाल पडू लागली आहे, ती आपण सर्वांनी उचलावी. पानओव्याची काडी किंवा मुळे फुटलेली पुदिन्याची काडी मार्गशीर्षाच्या आरंभी छोट्या कुल्हडात लावली तर संक्रांतीपर्यंत देण्याजोगी होते. कुल्हडाच्या बुडाला भोक पाडून घ्यावे. चहाच्या दुकानातून मिळणारे वापरलेले कुल्हड धुऊन घेतले तर पैशाचाही प्रश्न उरत नाही. बरोबर एका चिठ्ठीवर रोपाचे मराठी नाव आणि पाणी किती घालावे एवढे लिहावे. ज्यांच्या घरी जुन्या वाड्यातील कढीलिंब, गवती चहा, अळू अजून उभा आहे, त्यांनी येत्या ज्येष्ठात त्याची पिले तोडून ठेवावीत आणि आषाढात मागणाऱ्यास द्यावीत. आपल्या मंडळाच्या फलकावर कोणाकडे काय आहे याची यादी लागली तर माझ्याकडील दोन रोपांची नोंद प्रथम करावी.